सोळा वर्षांच्या भाच्याला नेऊ कुठे?

दुसरीपाळी | सोमवार, रात्री १२.५०

पाळी संपवून आत्ताच खोलीवर आलोय. झोप लागणार नाही, म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

भाचा १६ वर्षांचा. अकरावीला लातूरला ठेवलाय, नीटसाठी. दाजींची उदगीरकडे कोरडवाहू शेती, ताई अंगणवाडीत मदतनीस. दहावीला ९४ टक्के पडले तेव्हा गावात बॅनर लागला होता. कोपऱ्यात माझाही फोटो होता, पासपोर्ट साइज. आता दोन महिने झाले, पोरगा क्लासला म्हणून रूमवरून निघतो आणि कुठेतरी बसून राहतो. मेसचा डबा तसाच परत जातो. रात्र रात्र जागा असतो. परवा मला मेसेज आला, "मामा एक सांगू का, आईला सांगू नको." मग बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं. शेवटी आलं ते एवढंच: "काही वाटतच नाही. चांगलं पण नाही आणि वाईट पण नाही."

मी आयटीआय झालेला माणूस. मशीनचा आवाज बदलला की कुठे घासतंय ते सांगतो. इथे आवाजच बंद झालाय.

तर विचारायचं असं, की या वयाच्या पोराला स्वतःहून फोन करून बोलता येईल असं कुणी असतं का? लातुरात दाखवायचं तर कुणाला, मेंदूच्या डॉक्टरला की मनाच्या? पैसे जेमतेम आहेत. आणि ताईला सांगायचं की नाही? त्याने शपथ घातलीय.

शेंगोळे | सोमवार, रात्री १.०५

मामा, पहिली गोष्ट, तो मेसेज त्याने तुम्हाला केला. बॅनरवर एवढे सगळे फोटो असताना कोपऱ्यातल्या पासपोर्ट साइजवाल्याला केला. बाकी मला कळत नाही, कळणारे सकाळी येतील.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.१५

पोरगा घरापासून पहिल्यांदाच लांब राहिला आहे. आठ दिवस घरी आणा, आईच्या हातचं खाऊ द्या, शेतावर न्या. मी छत्तीस वर्षं शिकवलं. आमच्या वेळी डिप्रेशन हा शब्दच नव्हता आणि मुलं शिकून मोठी झालीच. उगाच दवाखान्याची पायरी चढवून पोराच्या कपाळावर शिक्का मारू नका. मोबाईल तेवढा काढून घ्या.

चिंचगूळ | मंगळवार, सकाळी ८.४०

मास्तर, शब्द नव्हता, त्रास होताच. आमच्या चाळीत एक काका होते, सगळे त्यांना 'विरक्त' म्हणायचे. बारावीला असताना एक दिवस खाटेवर बसले ते चाळीस वर्षं बसूनच होते. आई म्हणायची, साधू माणूस. आता वाटतं, कुणी दाखवलं असतं तर पोस्टात लागले असते, लग्न झालं असतं, बायकोशी भांडले असते.

आणि मोबाईल काढून घ्या म्हणता, त्याच मोबाईलवरून त्याने मामाला मेसेज केलाय हो.

माझा अनुभव सांगते. आम्ही ठाण्याचे. लेक आठवीत असताना रोज सकाळी पोट दुखायचं. शाळेच्या दिवशीच. तीन सोनोग्राफ्या झाल्या, जंताचं औषध झालं, सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. शेवटी आमच्या बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, पोटात काही नाही, आता डोक्याच्या बाजूने बघू. पहिल्या समुपदेशकाकडे फजिती झाली. त्यांनी पोरीला पाऊण तास वेळापत्रक कसं आखावं ते शिकवलं आणि ती जे काही बोलली ते संध्याकाळी मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. पोरीला कळलं. त्यानंतर चार महिने ती कुणाशी बोलायला तयार नव्हती. मग इथल्याच आयपीएचमध्ये गेलो, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था. तिथे पहिल्याच दिवशी तिच्यासमोर सांगितलं की तू जे बोलशील ते इथेच राहील, फक्त तुझ्या जिवाला धोका वाटला तर आईला सांगावं लागेल. एवढं एक वाक्य ऐकलं आणि ती बसली.

म्हणून कुणाकडेही गेलात तरी हा प्रश्न आधी विचारा: पोरगा बोलेल त्यातलं घरी काय सांगणार?

शेंगोळे | मंगळवार, सकाळी ९.१०

अवांतर. आमच्या आजीला सांगितलं, नातीला कौन्सिलरकडे नेतोय. आजी लुगडं बदलून तयार. म्हणे मी पण येते, नळाला पाणी येत नाही ते सांगायचंय.

चिंचगूळ | मंगळवार, सकाळी ९.१४

😂 समुपदेशक म्हणावं तर त्याहून अवघड. सासूबाई अजून 'समुद्रदेशक' म्हणतात.

केसपेपर | मंगळवार, दुपारी २.३०

ओपीडी संपली, आता सविस्तर लिहिते. मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. लातूरची नाही, पण व्यवस्था सगळीकडे साधारण एकच.

दुसरीपाळी, सगळ्यात आधी आज त्याला फोन करा आणि सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का?" असंच, याच शब्दांत. विचारल्याने डोक्यात नसलेलं डोक्यात शिरतं हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याने पोरं मोकळी होतात. "हो" म्हणाला तर घाबरून ओरडू नका, शपथा घालू नका. कधी, कसं, काही ठरवलंय का, ते ऐका. आणि तसं काही असेल तर त्याला एका मिनिटासाठीही एकटा ठेवू नका. रूममेटला बसवा, तुम्ही निघा, आणि थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. तिथे रात्रीही डॉक्टर असतात. गाडी लागली तर १०८.

तसं नसेल तर श्वास घ्या. आता तुमचे प्रश्न.

फोनचं म्हणाल तर १४४१६. हे टेलिमानस, केंद्र सरकारचं, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. फुकट, चोवीस तास, मराठीतून. पोरगा स्वतः करू शकतो, तुम्हीही त्याच्यासाठी करू शकता. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाला जोडून देतात किंवा जवळच्या सरकारी ठिकाणी पाठवतात. घरात मारहाण, छळ, लैंगिक अत्याचार असलं काही असेल तर १०९८, ती चाइल्डलाइन, अठराच्या आतल्या कुणालाही. अभ्यासाच्या ताणाबद्दल एनसीईआरटीची मनोदर्पण हेल्पलाइन आहे, ८४४८४४०६३२, सकाळी ८ ते रात्री ८.

डॉक्टर म्हणाल तर मेंदूचा नाही, मनाचा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. बोर्डावर बऱ्याच ठिकाणी 'मनोविकृतीशास्त्र' असं लिहिलेलं असतं. तो शब्द वाचून निम्मे लोक दारातून मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. आत साधा टेबल, साधी खुर्ची आणि माझ्यासारखी एक वैतागलेली बाई असते.

पैशाचं: आरोग्य विभागाकडची जी रुग्णालयं आहेत, प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्या खात्याची, तिथे थोडे लागतात, पण शे-दोनशेत काम होतं.

ताईचं मात्र टाळता येणार नाही. फोनवर तो एकटा बोलू शकतो, पण उपचार सुरू करायचे तर अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पालकच त्याचे प्रतिनिधी धरले आहेत. मात्र त्याच्या पाठीमागे सांगू नका. त्याला म्हणा, "मी ताईला सांगणार आहे. काय सांगायचं आणि काय नाही ते आपण दोघं मिळून ठरवू."

व्यवस्थापन | मंगळवार, दुपारी ३.००

दोन प्रतिसादांतले खासगी डॉक्टरांचे मोबाईल क्रमांक काढले आहेत. भाच्याला नेमका कोणता आजार आहे, याचं निदानही कृपया इथे करू नये.

लीड्सकर | मंगळवार, दुपारी ३.४५

इथे इंग्लंडात सोळाव्या वर्षी मुलाला स्वतःच्या उपचाराला स्वतः संमती देता येते, आईबापाला विचारावं लागत नाही. ऐकायला छान वाटतं. पण आधी जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, मग तो पत्र देणार, मग मुलांच्या सरकारी सेवेची रांग. आमच्या ओळखीतल्या मराठी घरात मुलीचा नंबर लागेपर्यंत शाळेचं वर्ष संपलं. तोवर ती इथल्या चाइल्डलाइनवर बोलायची, ०८०० ११११. तिच्या आईला फार लागलं होतं ते. "माझ्याशी नाही बोलत, फोनवरच्या परक्या बाईशी बोलते." मी म्हटलं, वहिनी, म्हणूनच तर बोलते.

केसपेपर ताईंच्या ओपीडीत दाखवायला किती दिवस थांबावं लागतं?

केसपेपर | मंगळवार, दुपारी ४.०५

दिवस? सकाळी या, दुपारपर्यंत नंबर लागतो. तपासायला वेळ कमी मिळतो, ती आमची रड आहे. गर्दी एवढी की डॉक्टरांना एका पेशंटमागे मनासारखा वेळ देता येत नाही. तुमच्याकडे लोक दाराबाहेर ताटकळतात, आमच्याकडे आत आल्यावर घाई होते.

रानजाई | मंगळवार, संध्या. ६.२०

विचारायला भीती वाटते, पण विचारते. आमच्या शेजारच्या मुलीने मागच्या वर्षी स्वतःला काहीतरी करून घेतलं, वाचली. घरच्यांनी दवाखान्यात "घसरून पडली" असं सांगितलं, पोलीस केस होईल म्हणून. खरंच होते का?

खटलेवाली | मंगळवार, संध्या. ७.१५

या भीतीपायी किती मुलांचे उपचार अर्धवट राहिलेत कुणास ठाऊक. ऐका. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की असं पाऊल उचललेली व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, उलट तिची काळजी घ्यायची जबाबदारी सरकारवर. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, पोलीस जबाब घ्यायला येतात, हे खरं. पण ती मुलगी आरोपी नसते. डॉक्टरांना खरं सांगा, म्हणजे जखमेसोबत मनाचाही उपचार होतो.

आणि दुसरीपाळी, तुमच्यासाठी. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, कॉलेज, वसतिगृहं आणि कोचिंग क्लास सगळ्यांना सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचाच. मार्कांवरून बॅचेस पाडून मुलांना वेगळं बसवायचं नाही. भाच्याच्या क्लासला जाऊन विचारा की तुमचा समुपदेशक कोण आणि कधी बसतो. नसला तरी विचारा. विचारणारे वाढले की नेमतात.

दुसरीपाळी | मंगळवार, रात्री १.१०

बॅचचं वाचलं आणि बसलो. ऑगस्टमध्ये त्याला वरच्या बॅचमधून काढून तिसऱ्या बॅचला टाकलंय. हे मला आज कळलं. घरी कुणालाच माहीत नाही.

केसपेपर ताई, जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमागे उभा राहून फोन केला आणि तुम्ही सांगितलं तेच विचारलं. तोंडातून शब्द निघत नव्हता. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मरावंसं असं नाही मामा, पण सकाळी उठूच नये असं वाटतं." कधी काही ठरवलंय का म्हटलं तर नाही म्हणाला. मग रडला. आठवीनंतर मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं.

१४४१६ ला तो करत नाही म्हणाला. मग मीच केला. मराठी निवडलं, एक बाई बोलल्या. वाटलं होतं चार वाक्यांत गुंडाळतील, तर वीस मिनिटं विचारत होत्या. झोप किती, जेवण किती, आधी त्याला काय आवडायचं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?" मी तोपर्यंत जेवलो नव्हतो. त्यांनीही 'उठूच नये' हे साधं समजू नका, याच आठवड्यात दाखवा म्हणून सांगितलं. त्याचा रूममेट चांगला पोरगा आहे, त्याला रात्री जवळच झोपायला सांगितलंय.

खिडकीजवळ | बुधवार, दुपारी ४.५०

मी इथे नुसती वाचत असते, कधी लिहीत नाही. मी १७ वर्षांची आहे, बारावीला.

सगळे नंबर देतायत ते चांगलं आहे. पण फोन करायचा कुठून? आमचं घर दोन खोल्यांचं, आजी दिवसभर घरात. मी एकदा गच्चीवर टाकीमागे जाऊन लावला होता नंबर, तेवढ्यात शेजारच्या काकू वाळवण काढायला आल्या. मी "हो गं, नोट्स पाठवते" म्हणून ठेवून दिला. कॉलेजात समुपदेशक आहेत, पण त्यांची खुर्ची उपप्राचार्यांच्या केबिनच्या आत आहे. तिथे गेलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला माहीत.

आणि घरी सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ताप असला की थर्मामीटर दाखवता येतो.

मास्तरांना वाईट वाटू नये, पण मला काही शिक्का वगैरेची भीती नाही. मला भीती वाटते की मी सांगेन आणि आई म्हणेल "एवढंच ना?"

चिंचगूळ | बुधवार, संध्या. ५.०५

बाळा, लिहिलंस ते बरं केलंस. माझी लेक आता एकोणीसची आहे, तिला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, टाकीमागे नको, रिक्षात बस आणि बोल. रिक्षावाल्यांना सवय असते.

केसपेपर | बुधवार, संध्या. ६.३०

खिडकीजवळ, तुझ्याएवढ्या मुली माझ्याकडे कशा येतात ते सांगते. "मला उदास वाटतंय" म्हणून सरळ दाराने एकही येत नाही. केसपेपरवर लिहिलेलं असतं: डोकेदुखी. झोप येत नाही. पाळी अनियमित. केस गळतात. छातीत धडधडतं. आई त्यासाठी घेऊन येते, मेडिसिनवाले तपासतात, आमच्याकडे पाठवतात. यात खोटं काही नाही. झोप येत नसतेच, डोकं दुखत असतंच. थर्मामीटर हवा ना? घरी सांग, "मला पंधरा दिवस झोप लागत नाही, डॉक्टरला दाखवायचंय." एवढं पुरतं. आत गेल्यावर "आईला जरा बाहेर बसू द्या" असं तू म्हणू शकतेस, आम्हीही म्हणतो.

फोन जमत नसेल तर लिहून बोलता येतं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची आयकॉल ही सेवा २०१२ पासून आहे, ते ईमेलवरही उत्तर देतात. ही तीच संस्था जिने १९३७ साली देशातलं पहिलं बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं, तेव्हा नाव वेगळं होतं. म्हणजे मुलांच्या मनाचं हे काही कालपरवाचं फॅड नाही, मास्तर.

शिवाय १० ते १९ वयोगटासाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असतं, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं, २०१४ पासूनचं. लोकांना वाटतं ते फक्त पाळी आणि रक्तवाढीच्या गोळ्यांसाठी आहे. तिथल्या समुपदेशकाशी मनाचंही बोलायचं असतं. आणि तिथे जाताना कुणी बघितलं तरी कारण तयार असतं, नाही का?

आता तुलाही तोच प्रश्न विचारते जो मामांना विचारायला लावला. मरून जावंसं वाटतं का? इथे उत्तर देऊ नकोस. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर किंवा १४४१६ ला सांग. पण आज.

खिडकीजवळ | बुधवार, संध्या. ७.०२

केलाय व्यनि. तेवढं नाही काही. झोपेचं सांगून बघते.

कोळवाडीकर | बुधवार, रात्री ९.००

सगळं ठीक, पण एकदा गोळ्या चालू झाल्या की आयुष्यभर सुटत नाहीत. माझ्या साडूच्या मुलाला नुसती गुंगी यायची. त्यापेक्षा योग, प्राणायाम. आणि एकदा कुणा जाणत्याला दाखवायला काय हरकत आहे? बाहेरचं काही असू शकतं.

सातारीकंदी | बुधवार, रात्री ९.२०

जाणत्याकडे अंगारा घ्यायचा तर घ्या, पण डॉक्टरकडून परत येताना घ्या, जाताना नको. आमच्या साताऱ्यातली परिवर्तन संस्था, दाभोलकरांची, 'मानसमित्र' म्हणून गावागावांत लोक तयार करते. त्यांतला एक माझा मित्र आहे. तो सांगतो, देवऋषाशी भांडत बसलो तर पेशंटही जातो. तो घरच्यांना म्हणतो, "उतारा टाकला ना? आता उद्या तालुक्याला जाऊन डॉक्टरांनाही दाखवू." आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पोराला मारझोड करून भूत काढलं तर तो गुन्हा. पण कायद्याच्या आधी मित्राची ही युक्ती चालते.

केसपेपर | बुधवार, रात्री ९.४०

गोळ्यांबद्दल. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही. सौम्य त्रासात नुसत्या बोलण्याच्या उपचाराने भागतं. उदासीवरच्या ज्या गोळ्या देतात त्या झोपेच्या गोळ्यांसारख्या सवय लावणाऱ्या नसतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. आणि लोक काय करतात, तर दहाव्या दिवशी "फरक नाही" म्हणून बंद करतात किंवा बरं वाटायला लागल्यावर मनाने सोडतात. मग त्रास उलटला की "बघा, सुटत नाहीत." या वयात सुरुवातीचे आठवडे जास्त लक्ष ठेवायचं असतं, पोरगा जास्त अस्वस्थ, चिडका वाटला तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना सांगायचं. गुंगी आली तरी सांगायचं, डोस बदलतात.

अजून एक, खासगीत जाणाऱ्यांसाठी. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर, औषध तोच देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, क्रमांक विचारा. नुसत्या 'समुपदेशक' पाटीला असली काही अट बघितली जात नाही, पंधरा दिवसांचा कोर्स करूनही लोक लावतात. चिंचगूळला भेटलेले त्यातलेच असणार.

पॉलिसीबाबा | बुधवार, रात्री १०.१०

आरोग्य विम्यातही मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, कलम २१. पण बहुतेक पॉलिसी भरती झालात तरच देतात. ओपीडी आणि समुपदेशनाचे पैसे खिशातूनच. एजंट तोंडी काही बोलला तर लेखी मागा. मीही एजंटच आहे, म्हणून सांगतोय.

तिरफळ | बुधवार, रात्री ११.३०

गोंयांतून. आमच्याकडे बांबोळीला सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजच्या जवळच. पूर्वी ते पणजीला आल्तिनोवर होतं. कुणी जरा वेडंवाकडं वागलं की "आल्तिनोर व्हरूंक जाय", म्हणजे आल्तिनोला न्यायला हवं, म्हणायचे. संमोहनवाल्या आबे फारियांचं नाव होतं त्या जुन्या रुग्णालयाला. त्यांचा पणजीतला पुतळा बघून पर्यटक घाबरतात, कारण ते एका बाईवर हात पसरून उभे आहेत, वाटतं की गळाच दाबतायत. शिवाय १९९६ पासून 'संगात' ही संस्था आहे, आमच्याकडची. त्यांनी दाखवून दिलं की डॉक्टर नसलेल्या गावातल्या माणसालाही नीट शिकवलं तर तो बोलण्याचे उपचार चांगले करू शकतो. बाकी चालू द्या, मूळ मामा कुठे गेले?

दुसरीपाळी | शुक्रवार, सकाळी ११.२०

आलो. काल सुट्टी होती, बुधवारी रात्रीच पाळी संपवून गाडीने निघालो, सकाळी लातूर.

ताईला सांगायचं आम्ही दोघांनी फोनवरच ठरवलं होतं. बॅचचं सांगायचं नाही, झोपेचं आणि जेवणाचं सांगायचं. ताई उदगीरहून पहिल्या एसटीने आली. तिने काही विचारलंच नाही. डब्यात धपाटे आणले होते, ते त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "मला अंगणवाडीतल्या दोन वर्षांच्या पोराचं कळतं रे, तुझं कळणार नाही व्हय?" आमचं सगळं ठरवलेलं तिथेच वाया गेलं. मग बॅचचंही त्यानेच सांगितलं.

रुग्णालयात खिडकीवर काय त्रास विचारलं तर तो म्हणाला डोकेदुखी. केसपेपर ताई, तुमची आठवण झाली. तिथून पुढे पाठवलं. बोर्डावर तोच शब्द होता. ताईला वाचता आला, ती थबकली. मी म्हटलं आत टेबल-खुर्चीच आहे. एक तरुण डॉक्टर होते, बहुतेक शिकाऊ. त्यांनी आम्हाला बाहेर बसवलं. अर्धा तास. काय बोलले मला माहीत नाही, मी विचारलं नाही. एक गोळी दिलीय, आणि तिथल्याच मानसशास्त्रज्ञांकडे दर गुरुवारी यायला सांगितलंय. दाजींना अजून कळलेलं नाही. ते ताई बघते म्हणाली.

खोटं कशाला सांगू, पोरगा लगेच हसायला-खेळायला लागला असं काही नाही. धपाटा अर्धा खाल्ला. परत येताना म्हणाला, "मामा, ते डॉक्टर पण दोनदा ड्रॉप घेतलेले आहेत."

क्लासवाल्यांकडेही गेलो. समुपदेशक कोण विचारलं तर काउंटरवरच्या मुलीने फीचं कार्ड मागितलं. परत जाणार आहे.

आता अडचण वेगळीच. पुढचे सगळे गुरुवार माझी पाळी आहे, एकच सुट्टी बदलून मिळाली. ताईला दर आठवड्याला अंगणवाडी सोडून येणं जमणार नाही. एकटा पाठवला तर तो रस्त्यातूनच वळेल, मी ओळखतो त्याला. नुसतं गेटपर्यंत सोडायला आणि बाहेर बसायला कुणी हवं.

निवृत्त_मास्तर | शुक्रवार, दुपारी १२.०५

मी रेणापूरला असतो. लातूर अर्ध्या तासावर. गुरुवारी मला काही काम नसतं, खरं तर कोणत्याच वारी नसतं. ओळखपत्र, निवृत्तीवेतनाचा कागद, काय पाहिजे ते पाठवतो, तुमच्या ताईंशी फोनवर बोलतो. त्यांना पटलं तरच.

त्या मुलीचं "एवढंच ना" वाचल्यापासून मला माझे दोन-तीन विद्यार्थी आठवत आहेत. त्यांना मी नेमकं तेच म्हणालो होतो.

चिंचगूळ | शुक्रवार, दुपारी १२.२०

मास्तर 🙏 फक्त बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्याला "आमच्या वेळी" सुरू करू नका.

निवृत्त_मास्तर | शुक्रवार, दुपारी १२.२६

पेपर घेऊन जाईन. शब्दकोडं सोडवीन.

दुसरीपाळी | शुक्रवार, दुपारी २.४०

पाळीवर आलोय. मास्तर, व्यनि बघितला. ताईला नंबर दिलाय, ती रात्री करेल. पण भाच्याला विचारल्याशिवाय हो म्हणत नाही. आठच्या सुट्टीत विचारतो.

शेंगोळे | शुक्रवार, दुपारी २.४५

विचारताना उरलेल्या धपाट्यांचं काय झालं तेही विचारा.